पाच जणांचे पाच उपाय, आणि मुलगी एकच

इंदूरच्या लोकमान्य नगरातून एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव छापू नका असं त्यांनी लिहिलंय, शिवाय ओळख पटेल असे काही तपशील मी बदलले आहेत. पत्र मोठं आहे, त्यातला मुख्य भाग असा:

"माझी मुलगी 19 वर्षांची आहे, बी.कॉम.ला शिकते. तिचे बाबा 2021च्या एप्रिलमध्ये करोनात गेले. दवाखान्यात आत कुणाला सोडत नव्हते. मी स्वतः तापाने अंथरुणावर होते, म्हणून मुलगी दिरांबरोबर जाऊन गेटवर डबा ठेवून यायची. शेवटचा डबा तसाच भरलेला परत आला. त्यानंतर तिचं जेवण तुटलं. बारीक झाली, तर नातेवाईक म्हणाले, किती छान दिसायला लागली. बारावीच्या वर्षापासून उलटंच सुरू झालं. दिवसभर चहावर असते, रात्री आम्ही झोपलो की उभ्या उभ्या पोळ्या, शेव, बिस्किटं, हाताला लागेल ते खाते आणि मग नळ सोडून उलट्या करते. विचारलं की 'ॲसिडिटी आहे' म्हणते. वजन तसं ठीक आहे, गाल तर भरलेच आहेत, त्यामुळे कुणाला खरं वाटत नाही. सासूबाई म्हणतात, पित्त आहे, वैद्यांकडून वमन करून घ्या. योगवर्गाच्या बाईंनी कुंजल सुचवलं. दीर म्हणतात, रोज वजन करा आणि बाथरूमची कडी काढून टाका. बहीण म्हणते, हे सगळं बाबांमुळे आहे, तिला समोर बसवून एकदा मोकळं रडू द्या. डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. आता कुणीतरी एका केंद्राचा पत्ता दिलाय, तिथे म्हणे योग, आयुर्वेद, संमोहन, आहार सगळं एकत्र करतात. त्यात पितृपक्ष तोंडावर आलाय. यांच्या तिथीला ती ताटावर बसत नाही आणि त्यावरून दरवर्षी घरात वाद होतो. मी कुणाचं ऐकू?"

ताई, केंद्र, पितृपक्ष, बहिणीचा सल्ला, सगळ्यावर बोलू. पण एक काम या आठवड्यातच करा. मुलीला घेऊन एखाद्या चांगल्या फिजिशियनकडे जा आणि रक्तातलं पोटॅशियम, सोडियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन आणि साखर तपासून घ्या. सोबत ईसीजी काढा. वारंवार उलट्या काढणाऱ्या माणसाच्या शरीरातलं पोटॅशियम घटत जातं, आणि ते फार खाली गेलं की हृदयाचे ठोके बिघडतात. बाहेरून काही कळत नाही. मुलगी कॉलेजला जाते, हसते-बोलते, आणि रिपोर्टात आकडा घाबरवणारा निघतो. वजन ठीक आहे म्हणून निश्चिंत राहू नका. खूप खाऊन मग मुद्दाम उलट्या काढण्याचा जो आजार असतो, त्यात बहुतेकांचं वजन ठीकच असतं, म्हणून तर तो वर्षानुवर्षं घरात लपून राहतो.

भरलेल्या गालांबद्दलही सांगते. सतत उलट्या झाल्या की कानाखालच्या लाळग्रंथी सुजतात आणि चेहरा जबड्यापाशी गोल दिसायला लागतो. नातेवाईक जिला 'तब्येत सुधारली' म्हणतात, ती ही सूज असू शकते. तिच्या मुठीच्या उंचवट्यांवर घट्टे किंवा ओरखडे आहेत का, दातांना थंड-गरम लागतं का, पाळी नियमित येते का, हेही डॉक्टरांना सांगता येईल. लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी 1979 मध्ये बुलिमिया नर्व्होसा या खा-खा आणि उलट्यांच्या आजाराचं पहिलं सविस्तर वर्णन केलं, तेव्हा हातावरच्या या घट्ट्यांची नोंद त्यांनी केली होती. आधी खाणं तुटतं आणि पुढे कधीतरी खा-खा आणि उलट्या सुरू होतात, हा क्रमही त्यांच्या बऱ्याच रुग्णांमध्ये होता. पत्रावरून निदान करता येत नाही, मी ते करतही नाही. पण तुम्ही जे लिहिलंय ते बुलिमियाच्या इतकं जवळ जातं की पित्ताच्या गोळ्यांवर आणखी महिने घालवणं मला बरोबर वाटत नाही.

डॉक्टरांनी पित्ताचं औषध दिलं, कारण त्यांना पित्तच सांगितलं गेलं. या वेळी स्पष्ट सांगायचं: ती खूप खाते आणि मग मुद्दाम उलटी काढते. मात्र हे तिच्या पाठीमागे सांगू नका. घरून निघायच्या आधीच तिला म्हणा, "मला रात्री आवाज येतो. मी रागावलेली नाही, मला काळजी वाटते. आज डॉक्टरांना आपण खरं सांगणार आहोत. तू सांगतेस की मी सांगू?" ती चिडेल, कदाचित नाकारेल. नाकारलं तरी वाद घालू नका, "रक्त तेवढं तपासून येऊ" एवढंच धरून राहा.

छातीत धडधड, उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी, हातापायांत गोळे, उलटीत रक्त, बेशुद्ध पडणं किंवा 'आता जगायचं नाही' असं बोलणं, यातलं काहीही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. सरळ एमवायच्या (इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयाच्या) किंवा जवळच्या मोठ्या दवाखान्याच्या इमर्जन्सीत न्या.

आता वमन आणि कुंजल. दोन्हींना ठाम नकार द्या. पंचकर्मातलं वमन काय किंवा मिठाचं पाणी पिऊन काढायचं कुंजल काय, दोन्हींत उलटीच काढली जाते. जी मुलगी रात्री स्वतःहून उलट्या काढते, तिला सकाळी घरच्यांच्या संमतीने उलटी काढायला लावायची, यातून तिच्या शरीराचं नुकसान तर वाढतंच, शिवाय तिच्या मनातल्या 'आत गेलेलं बाहेर काढलंच पाहिजे' या समजुतीवर घरातल्या मोठ्यांचं शिक्कामोर्तब होतं. शंखप्रक्षालन, विरेचन (दोन्ही जुलाबाने पोट साफ करायच्या क्रिया) आणि पोट साफ होण्याची चूर्णं यांनाही हेच लागू आहे. बाजारातल्या अशा अनेक चूर्णांत सोनामुखी असते. जुलाबाने शरीरातलं पाणी आणि क्षार जातात, खाल्लेल्याचं पोषण बहुतांशी आधीच शोषलं गेलेलं असतं, आणि आतड्याची स्वतःहून हलण्याची सवय मोडते. सासूबाईंना वाईट वाटू नये म्हणून एक करा: वैद्यांना उलट्यांची खरी गोष्ट सांगा. जाणता वैद्य अशा मुलीला वमन देणार नाही, हे त्यांच्याच तोंडून सासूबाईंना ऐकू द्या.

ती दिवसभर चहावर राहते, याकडे तुमचं लक्ष रात्रीच्या उलट्यांइतकं गेलेलं नाही, आणि ते साहजिक आहे. पण रात्रीच्या खाण्याचं मूळ बरंचसं त्या दिवसभराच्या उपाशी राहण्यात आहे. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी 36 धडधाकट तरुणांवर एक प्रयोग केला. हे सगळे स्वेच्छेने आलेले. त्यांना 24 आठवडे गरजेच्या जेमतेम निम्मं अन्न दिलं. त्यांच्यापैकी कुणाला आधी खाण्याचा आजार नव्हता. तरी ते दिवसरात्र अन्नाबद्दल बोलायला लागले, पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, ताटल्या चाटायला लागले, चिडचिडे आणि उदास झाले, आणि पुन्हा भरपूर अन्न मिळायला लागल्यावर काही जणांना किती खाऊ आणि किती नको झालं, थांबणंच जमेना. तुमची मुलगी तासन् तास रेसिपीचे व्हिडिओ बघते आणि सगळ्यांना आग्रहाने वाढते, पण स्वतः जेवत नाही, असं तुम्ही पत्रात दुसरीकडे लिहिलंय. ही तिच्या स्वभावातली विसंगती समजू नका, भूक माणसाला असंच करते.

म्हणून या आजारावर ज्या मानसोपचार पद्धतीचा पुरावा सगळ्यात भक्कम आहे, ती संज्ञानात्मक वर्तन उपचाराची (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या उपचाराची) खास आवृत्ती, तिची सुरुवातच वेळच्या वेळी खाण्याने होते. ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न यांनी ती घडवली. वजन फार कमी नसलेल्यांसाठी साधारण 20 आठवड्यांत 20 बैठका असतात. तीन जेवणं आणि मधली दोन-तीन खाणी, दोन खाण्यांत साधारण चार तासांहून जास्त अंतर नाही. काय खायचं यावर सुरुवातीला फार भर नसतो, कधी खायचं यावर असतो. तुमच्या घराच्या हिशोबाने, कॉलेजला निघण्याआधी पोहे, दुपारी डबा, पाचच्या सुमारास दूध किंवा शेंगदाण्याचा लाडू, आठला पोळी-भाजी-वरण-भात आणि झोपण्याआधी एखादं फळ. रात्री पोटभर खाऊन उलट्या केल्या म्हणून दुसऱ्या दिवशीचे पोहे चुकवायचे नाहीत. हे तिला सगळ्यात अवघड जाईल, कारण रात्रीचं 'फेडायला' दिवसभर उपाशी राहायचं हाच तिचा हिशोब झालेला असतो. त्याच हिशोबातून पुढची रात्र येते. या काळात एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र, कुठलाच उपास तिने धरू नये. आजाऱ्याला उपासातून सूट आपल्या घरांत आजवर मिळत आलीच आहे, ती तिलाही द्या.

दातांबद्दल एक बारीक गोष्ट. उलटीनंतर लगेच ब्रश केला तर आम्लाने मऊ झालेलं दाताचं कवच घासलं जातं. फक्त पाण्याने खळखळून चूळ भरायची, ब्रश अर्ध्या-पाऊण तासाने. हे तिला सांगितलं म्हणजे उलटीला परवानगी दिली असं होत नाही. आई आपल्या दातांची काळजी करते आहे एवढं मात्र तिच्या लक्षात येईल.

आता बाबांबद्दल. तुमच्या बहिणीचं निम्मं बरोबर आहे. सगळ्यांच्याच खाण्याच्या आजारामागे आघात असतो असं नाही. आनुवंशिकता असते, स्वभाव असतो, वजनावरचे शेरे असतात, नुसतं डाएटही पुरतं. पण आघात आणि खाणं यांचं नातं जुनं आहे, आणि ते अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडलं. अमेरिकेतल्या सॅन दिएगोमध्ये 1980 च्या दशकात डॉ. व्हिन्सेंट फेलिट्टी वजन कमी करण्याचा एक कार्यक्रम चालवत होते. ज्यांचं वजन उत्तम उतरत होतं तेच लोक तो सोडून जात होते. त्यांनी खोलात जाऊन विचारलं तेव्हा त्यातल्या अनेकांच्या लहानपणी अत्याचार झाल्याचं निघालं, आणि खाणं हा त्यांचा स्वतःला सावरायचा मार्ग होता. त्यातूनच 1998 मध्ये बालपणातल्या आघातांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. तुमच्या मुलीच्या बाबतीत अत्याचार नाही, पण पंधरा वर्षांच्या मुलीने दवाखान्याच्या गेटवर जे पाहिलं ते काही कमी नव्हतं. त्या एप्रिलमध्ये कितीतरी घरांत शेवटचं तोंड बघायला मिळालं नाही, दहावं-तेरावं नीट झालं नाही, भेटायला येणारी माणसं आली नाहीत. दुःख करायच्या आपल्या ठरलेल्या रीती असतात, त्या तिच्या वाट्याला आल्याच नाहीत. बराच काळ न ओसरणाऱ्या अशा शोकाला 2022 पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतही स्वतंत्र जागा आहे. आणि तिच्या बाबतीत शोक आणि अन्न यांची गाठ पडली ती त्या डब्यापाशी. एवढं मला पत्रावरून दिसतं.

बहिणीचं निम्मं चुकतं ते 'समोर बसवून रडू द्या' इथे. तयारी नसताना आठवण उकरली तर माणूस पुन्हा त्याच क्षणात जाऊन पडतो, आणि अशा रात्री उलट्या वाढतात. तिला बोलतं करायचं काम तुमचं नाही, मावशीचंही नाही. त्यासाठी शिकलेली माणसं असतात, आणि तीही पहिल्या दिवशी आठवणीला हात घालत नाहीत. आधी तिला स्वतःला शांत करायचे मार्ग शिकवतात: पाय जमिनीवर टेकवून बसणं, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घेणं, थंड पाण्याने मनगटं धुणं. आठवणीवरचं काम त्यानंतर. त्यासाठी आघात-केंद्री संज्ञानात्मक उपचार आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या ठरावीक हालचाली करत आठवणीवर काम करणं) या दोन पद्धतींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्ये केली आहे. पूर्वी तज्ज्ञ म्हणत की खाणं पूर्ण मार्गी लागल्याशिवाय आघाताला हात लावू नये. आता बरेच जण दोन्ही एकाच आराखड्यात, शरीर स्थिर झालं की बरोबरीने हाताळतात, कारण एक मागे ठेवलं तर ते दुसऱ्याला मागे ओढतं. संमोहनाने 'दडलेलं बाहेर काढतो' असं कुणी म्हणत असेल तर त्यापासून लांब राहा. अशा प्रयोगांत न घडलेल्या गोष्टीही घडल्यासारख्या वाटू शकतात. आणि तुमच्या मुलीची आठवण दडलेली नाहीच, ती तिला रोज आठवते.

दिरांच्या कडीबद्दल. त्यांना भीती वाटते आहे आणि काहीतरी ठोस करावंसं वाटतं आहे, हे मला समजतं. त्या गेटपाशी तिच्याबरोबर तेही होते, हेही विसरू नका. पण 19 वर्षांच्या मुलीच्या बाथरूमची कडी काढणं म्हणजे तिच्यावर पहारा बसवणं. तिचं जग एकदा तिला न विचारता उलटंपालटं झालेलं आहे. आघाताचं भान ठेवून उपचार करायचे तर पुढचं सगळं तिला आधी सांगून, तिला विचारून, जमेल तिथे तिच्या हातात निवड ठेवून करायला हवं. घरातही हे पाळता येतं. जेवणानंतरचा पाऊण-एक तास सगळ्यात अवघड असतो. त्या वेळी दाराबाहेर उभं राहण्याऐवजी तिला आधीच विचारा, "जेवल्यावर तासभर कोण हवं तुझ्याजवळ? मी, आजी की काका? पत्ते खेळायचे, की गच्चीवर बसायचं, की नुसतं टीव्हीसमोर?" ती जे सांगेल ते करा, आणि त्या तासात खाण्याचा विषय नको. भांडी घासणं, ओटा आवरणं हे तिच्याकडे त्या तासात देऊ नका, उरलेलं अन्न हाताशी असतं. कडी राहू द्या. नळाचा आवाज आलाच तर नंतर फक्त एवढंच, "आज जड गेलं का?"

वजन रोज करायचं नाही. उपचारात ते आठवड्यातून एकदा होतं, तेही तज्ज्ञांसमोर, आणि आकड्याबद्दल तिथेच तिच्याशी बोललं जातं. घरातला वजनकाटा काही महिन्यांसाठी काकांकडे देऊन टाका. 'बारीक झालीस', 'भरलीस', 'गाल बघ कसे आलेत' ही वाक्यं घरात पूर्ण बंद. गणपतीला, हळदीकुंकवाला, लग्नकार्याला येणाऱ्या बायका ते बोलणारच. तेव्हा तुम्ही मध्ये पडा आणि "तिच्या अंगावर बोलायचं नाही, आमच्याकडे तसा नियम आहे" असं सगळ्यांदेखत म्हणा. बाबा गेल्यावर ती बारीक झाली तेव्हा सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. तिच्या वेदनेला मिळालेली पहिली दाद ती होती. ते कौतुक तिच्या मनातून जायला वेळ लागेल.

योग हवा का? हवा, पण योग्य प्रकारचा. बॉस्टनमध्ये बेसेल व्हॅन डर कोक यांच्या गटाने आघातानंतरच्या ताणाशी झुंजणाऱ्या बायकांवर सौम्य, आघाताचं भान ठेवणाऱ्या योगाचा अभ्यास केला. 2014 मध्ये तो प्रसिद्ध झाला आणि त्यांच्या त्रासात घट दिसली. त्या वर्गात शिक्षक न विचारता अंगाला हात लावत नाहीत, 'हे आसन कराच' म्हणत नाहीत, डोळे मिटायची सक्ती करत नाहीत. तुमच्या योगवर्गाच्या बाईंना हे जमणार असेल तर उत्तम. त्यांना एवढंच सांगा: कुंजल नाही, घाम गाळणारे सूर्यनमस्कार नाहीत, कपालभातीचे आकडे मोजणं नाही, आणि शवासनात तिला अस्वस्थ वाटलं तर डोळे उघडून बसायची मुभा. आधी डॉक्टरांचा होकार. ईसीजी किंवा पोटॅशियममध्ये गडबड निघाली तर ती आटोक्यात येईपर्यंत योगही थांबेल.

म्हणजे ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर 'यांचं ऐका, त्यांचं नको' असं देता येत नाही. तुमच्या घरात उपाय खूप आहेत, पण ते एकमेकांना ओळखत नाहीत. डॉक्टरांना वमनाचं माहीत नाही, योगाच्या बाईंना उलट्यांचं माहीत नाही, काकांना डब्याचं तिला काय वाटतं ते माहीत नाही. एकात्मिक उपचार म्हणजे पाच गोष्टी एका छपराखाली भरणं असं त्या केंद्रासारख्या अनेक जाहिरातींत दिसतं. मला त्याचा अर्थ असा दिसतो की शरीर बघणारा डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ, बोलून उपचार करणारी मानसशास्त्रज्ञ, आहारतज्ज्ञ आणि घर, हे सगळे एकाच कागदावर काम करतात आणि एक जण सूत्र हातात धरतो. हे सूत्र मानसोपचारतज्ज्ञाकडे असावं, निदान पहिले काही महिने.

केंद्रात फोन करून विचारा. रक्त आणि ईसीजी कोण बघतं? तुमच्याकडे मानसोपचारतज्ज्ञ आहेत का, ते किती वेळा येतात? शुद्धिक्रिया, उपास, 'डिटॉक्स' करता का? मुलीला नको असेल ते तिला नाकारता येतं का? घरच्यांना भेटता येतं का? पहिल्या दोन प्रश्नांना गोलमोल उत्तर आलं किंवा डिटॉक्सला हो आलं तर फोन ठेवा. आहारतज्ज्ञ निवडतानाही 'वजन कमी करून देणारे' नकोत, ज्यांनी खाण्याच्या आजारांचे रुग्ण पाहिले आहेत असे हवेत. इंदूरला सुरुवात एमवायच्या मानसोपचार विभागातून करता येईल, तिथे तपासण्याही एकाच आवारात होतात. खासगीत गेलात तर बोलून उपचार करणाऱ्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडची नोंदणी विचारा, विचारण्यात गैर काही नाही. आणि कुठे जायचं ते ठरेपर्यंत 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक आहे. ऑक्टोबर 2022 पासून सरकारने तो सुरू केला, फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. तुम्हीही करू शकता, तीही करू शकते.

मानसोपचारतज्ज्ञ औषध देऊ शकतील. फ्लुओक्सेटिन हे बुलिमियासाठी सगळ्यात जास्त अभ्यासलेलं औषध आहे, आणि इथे त्याचा डोस नैराश्याच्या नेहमीच्या डोसापेक्षा जास्त, दिवसाला 60 मिलिग्रॅमपर्यंत जातो. डोस बघून घाबरू नका आणि स्वतःहून कमीही करू नका. एक मात्र आवर्जून करा: कुणीही, कुठल्याही कारणासाठी मनाचं औषध लिहून देत असेल तर उलट्यांचं सांगा. ब्युप्रोपिऑन नावाचं एक औषध आहे, बुलिमिया असणाऱ्यांना त्याने फिट येण्याचा धोका वाढतो. उलट्या लपवल्या तर डॉक्टरांना हे कळायला मार्ग नसतो.

ती 19 वर्षांची आहे. 2017च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे उपचारांना संमती तिची लागेल, आणि ती तज्ज्ञांशी जे बोलेल ते, जिवाला धोका नसेल तर, तिच्या परवानगीशिवाय तुम्हाला सहसा सांगितलं जाणार नाही. हे तिला आधीच सांगून ठेवा. आईला सगळं कळणार या भीतीने अनेक मुली खरं बोलत नाहीत. आरोग्य विमा असेल तर त्याच कायद्याने मानसिक आजारांनाही शारीरिक आजारांसारखंच विमासंरक्षण देणं कंपन्यांना भाग आहे. पॉलिसीचा कागद काढून बघा.

आता तिथी. या वर्षी ताटावरून वाद होऊ देऊ नका, त्यासाठी सासूबाईंशी आजच बोला. त्यांचा मुलगा गेला आहे, ताई. तिथीला नात ताटावर बसत नाही म्हणजे ती बापाला विसरली, असं त्यांना वाटत असेल. त्यांना सांगा की ती विसरू शकत नाही म्हणूनच बसत नाही. त्या दिवशीची खीर, वडे, अळूची भाजी, आमसुलाची चटणी आणि शिवाय यांना जे आवडायचं ते, हे सगळं पान वाढून ज्याने खायचं तो येणारच नाही. डबा परत आल्याच्या दिवसासारखाच हा दिवस तिच्यासाठी आहे. तिला आधी विचारा. पान गच्चीवर ठेवायला यायचं का? आईबरोबर स्वयंपाकात हात लावायचा का? की त्या वेळी मैत्रिणीकडे जायचं? तिने सकाळी आपलं नेहमीचं खाणं नेहमीच्या वेळी घेतलं की बास, श्राद्धाच्या पंगतीत किती घास गेले हे कुणी बघायचं नाही. ताटात सगळे पदार्थ वाढायची सक्ती नको. कदाचित ती काहीच करणार नाही, खोलीत बसेल. बसू द्या. दुपारी तिच्याजवळ जाऊन नुसतं बसा.

तुम्ही स्वतःबद्दल पत्रात एकच वाक्य लिहिलंय: "मी स्वतः तापाने अंथरुणावर होते." त्यामागे जो अपराध तुम्ही मनात धरून बसला आहात तो मला दिसतो. तुम्ही आजारी होतात आणि गेटवर डबा कुणीतरी पोहोचवायलाच हवा होता. मुलीच्या उपचारांत तुमच्या स्वतःच्या दोन-तीन बैठकाही मागून घ्या. खाण्याच्या आजारांत घरचे आजाराचे दोषी नसून उपचाराचा भाग आहेत, हे लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात 1980 च्या दशकापासून किशोरवयीन मुलांवरच्या कामातून सिद्ध झालंय, आणि थोडं मोठ्या मुलांनाही ते वेगळ्या रीतीने लागू पडतं.

किती दिवसांत बरं वाटेल, असं तुम्ही शेवटी विचारलंय. उलट्या एका आठवड्यात थांबणार नाहीत. सुरुवातीला त्यांच्यातलं अंतर वाढतं. रोजच्या होत्या त्या एक दिवसाआड होतात, मग एखादा पूर्ण आठवडा मोकळा जातो, मग परीक्षेच्या किंवा एप्रिलच्या सुमारास पुन्हा येतात. तेव्हा 'सगळं वाया गेलं' म्हणायचं नाही, पुढचं खाणं वेळेवर वाढायचं आणि तज्ज्ञांना कळवायचं. एप्रिलच्या आधीच त्या महिन्याच्या दोन बैठका जास्तीच्या ठरवून ठेवा. आणि पहिले रिपोर्ट चांगले आले म्हणून तपासण्या थांबवू नका. उलट्या चालू आहेत तोवर पोटॅशियम पुन्हा कधी बघायचं, ही तारीख डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.